उपासाचं ताट

मालकांचा चेहरा सुजायला लागला तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं. माणूस मूळचा काटकुळा. आता सकाळी उठले की गाल भरलेले दिसायचे. मी चिडवायचे, "माह्या हातचं अंगी लागून राहिलं वाटतं." ते हसायचे. मग एका सकाळी शेतात निघताना पायात वहाणा शिरेनात. ओढूनताणून घातल्या तर पट्ट्याचा वळ पायावर उमटला, आणि तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. त्या दिवसापासून मी चिडवणं सोडलं.

आमचं घर लहान होतं. सासूबाई, मालक, धाकटा दीर आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. पुसेगावच्या अलीकडं आमचं गाव, राज्य निजामाचं, आणि मोठं दुखणं झालं तर बैलगाडी जुंपून हिंगोली गाठायची, एवढाच उपाय. मालकांचा दोस्त होता गावातला मुसलमान पिंजारी. त्याची गादी-रजईची कामं दिवाळीनंतर सुरू व्हायची, पण ती सोडून त्यानंच गाडी हाकली.

डॉक्टरांनी मालकांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. ओल्या मातीत बोट रुतवावं तसा तिथं खळगा राहिला. सगळे त्या खळग्याकडं बघत बसलो. तो भरून यायला इतका वेळ लागला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मीठ बंद," डॉक्टर म्हणाले. "भाजीत नाही, वरणात नाही. लोणचं, पापड, सगळं बंद. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठणार. आज पायात आहे, उद्या पोटात येईल. छातीत चढलं तर मग माझ्याकडं आणायची तकलीफ घेऊ नका."

घरी आल्यावर मालकांनी हे सगळं आईला सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून. सासूबाईंनी ऐकून घेतलं. उठल्या, चुलीजवळचं मिठाचं गाडगं उचललं, लोणच्याची बरणी काखेत मारली आणि दोन्ही शेजारणीच्या घरी ठेवून आल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, एकट्या त्यांच्यापुरतं बाजूला काढलं असतं."

"एका चुलीवर दोन चवी कशाला? त्यानं अळणी गिळायचं अन् आपुन त्याच्या म्होरं बोटं चाटायची? माह्या नरड्याखाली उतरायचं न्हाई ते. आजपासून समद्या घराचं अळणी."

सासूबाई अशाच होत्या. मायेतही हुकूमच असायचा. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच क्षणी त्यांच्या पाया पडावंसंही वाटायचं.

अळणी स्वयंपाक म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. मीठ नसलं की पाट्यावर मिरची नीट वाटली जात नाही, नुसती निसटते आणि डोळ्यात उडते. वरणाला कितीही लसूण घाला, ते तोंडात येऊन नुसतं बसतं. मी अंबाडी शिजवली, चिंचेचा कोळ घातला, तिखट वाढवलं. दीर दिवसभर नांगर धरणारा पोरगा. पहिल्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठला. सासूबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि तो परत बसून भाकर संपवून मगच उठला. शेतात दुपारी मालक आणि पिंजारी बांधाच्या दोन अंगांना आपापली भाकर सोडून बसत. पिंजाऱ्यानंही बायकोला सांगितलं की दुपारच्या कालवणात मीठ घालू नको. ती बिचारी मला पाणवठ्यावर गाठून म्हणाली, "तुमच्या दुखण्यानं माह्या घरात भांडण लागून राहिलं, भाबी." म्हणाली हसत, पण तिनं मीठ घातलं नाही ते नाहीच.

गावाला मात्र हे बरं दिसलं नाही. आमच्याकडं अळणी शिजतं ते सुतकाच्या घरात. माणूस गेल्यावर शिजतं ते आम्ही माणूस समोर बसलेला असताना शिजवत होतो. एका संध्याकाळी पलीकडच्या आळीतली एक बाई चिमूटभर मीठ मागायला आली. घरात मीठ नाही हे शब्द सुवासिनीनं तोंडातून काढू नयेत. मी नुसती उभी राहिले. तिनं चुलीकडं पाहिलं, गाडग्याची रिकामी जागा पाहिली आणि मागल्या पावली परत गेली. जाताना म्हणाली, "जित्या माणसाचं असं करू नये, बाई." त्यानंतर आमच्याकडं जेवायला कुणी थांबेना. भावकीतली माणसं दारातूनच बोलून जात.

पण सूज उतरली. हे सांगितलंच पाहिजे. महिनाभरात वहाणा पायात शिरायला लागल्या. सासूबाई रोज सकाळी मालकांना ओसरीवर बसवून नडगीवर अंगठा दाबायच्या. खळगा उथळ होत चालला होता. त्या वर बघून हात जोडायच्या. मीही जोडायचे.

पुढं जे झालं ते या आनंदातूनच झालं.

सासूबाईंचा सोमवार असायचा. त्या दिवशी त्या भगर आणि शेंगदाण्याची आमटी करायच्या, आणि उपासाला चालतं म्हणून त्यात शेंदेलोण घालायच्या. गुलाबी-पांढरा खडा असतो, कुटून घ्यायचा. उपासाला रोजचं मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. भगर खाल्ली म्हणजे जेवण केलं असं जसं आमच्यात कुणी म्हणत नाही, तसंच शेंदेलोण घातलं म्हणजे मीठ घातलं असंही कुणी म्हणत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून ते तसंच होतं, आणि मी कधी त्यावर विचार केला नव्हता.

एका सोमवारी मालक आईच्या ताटाकडं बघत बसले होते. लहान लेकरानं बघावं तसं. सासूबाईंना ते बघवलं नाही.

"आजच्या दिस माह्यासंगं उपास धर," त्या म्हणाल्या. "देवाचंबी व्हईल अन् तोंडालाबी चव यील."

"चालंल का?"

"काहून न चालंल? हे काय मीठ हाय व्हय? उपासाचं हाय."

मी तिथंच बसले होते. मीच आमटी वाढली. मालकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी माणूस पोटभर जेवला, दोनदा मागून घेतलं. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. मला इतका आनंद झाला की मी पदराआड तोंड लपवलं.

माझे मालक देवाधर्माचे कधीच नव्हते. एकादशी दुप्पट खाशी म्हणून त्यांची थट्टा मीच करायचे. आता मात्र त्यांनी सोमवार धरला. मग गुरुवार धरला. चतुर्थी आली, एकादशी आली, दोन्ही धरल्या. दीर म्हणायचा, "दादा साधू व्हऊन राहिला." सगळे हसायचो. उपासाच्या दिवशी घरात जरा सणासारखं वाटायचं. आम्हीही त्यांच्याबरोबर उपास धरायला लागलो, म्हणजे त्या दिवशी तरी सगळ्यांच्या ताटात एकच चव आणि तीही चव म्हणावी अशी.

शिमग्याच्या सुमारास खळगा पुन्हा खोल व्हायला लागला.

सासूबाईंनी अंगठा दाबला आणि उचलला. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा दाबून पाहिलं. मी रोज बघत होते. उपासाच्या दुसऱ्या दिवशी सूज जास्त असायची, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी ते बोललेही. सासूबाई म्हणाल्या, उपासानं अशक्तपणा येतो, म्हणून सुजतं. त्यावर मालक म्हणाले, उपास सोडतो. आणि सासूबाई घाबरल्या. धरलेला उपास मधेच सोडला तर देव कोपेल. अर्धवट मनानं केलं म्हणूनच गुण येत नसेल. त्यांनी शनिवारही धरायला लावला.

सूज वाढली की उपास वाढायचा, आणि उपास वाढला की सूज. आज हे एका ओळीत लिहिता येतं. तेव्हा आम्ही चार माणसं त्यात रोज जेवत होतो आणि कुणालाही दिसत नव्हतं.

पुन्हा हिंगोलीला जायला पाहिजे होतं. पण त्या उन्हाळ्यात निजामाच्या मुलखात दंगल पेटली होती, रस्ते जाण्याजोगे राहिले नव्हते. कुठं कुणाची गाडी अडवली, कुठल्या गावाला आग लावली, अशा बातम्या रोज यायच्या. गावातली कितीतरी घरं कुलपं लावून कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडं इंग्रजांच्या जुन्या मुलखात निघून गेली होती. आम्ही गेलो नाही. मालकांना गाडीचे धक्के सोसले नसते. संध्याकाळी दिवा लावायचा नाही, चूल उजेडातच विझवायची, असा नेम झाला. अंधारात बसून मी मालकांच्या श्वासाकडं कान लावायचे. श्वास आता नीट लागत नव्हता, आणि ते भिंतीला टेकूनच झोपत.

पिंजारी येत राहिला. त्या दिवसांत मुसलमानानं आमच्या आळीत येणं सोपं नव्हतं, आणि आमच्या माणसांनी त्याच्याशी बोलणंही. तो मान खाली घालून यायचा, ओसरीवर बसायचा. रमजान आणि आमचा चातुर्मास त्या वर्षी एकमेकांवर आले. सासूबाईंनी मालकांकडून चातुर्मासभर रोजच्या उपासाचा नवस बोलून घेतला होता. पिंजारी म्हणाला, "माह्ये रोजे तर महिन्यानं सुटतील. तुह्ये कवा?" मालक हसायला गेले आणि खोकला लागला. पिंजाऱ्यानं त्यांच्या पायाकडं पाहिलं. पोटऱ्या इतक्या ताणल्या होत्या की कातडी चकाकत होती. तो उठून निघाला तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाला, "रस्ता खुला झाला की त्याच दिशी गाडी आणतो, भाबी."

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. गावात कुणी गुलाल उधळला, कुणी दारं लावून बसलं. आता भ्यायची पाळी पिंजाऱ्याच्या आळीची होती. तरी त्यानं गाडी आणली. आम्ही मालकांना उचलून आत ठेवलं. सासूबाई घराची राखण करत मागं थांबल्या.

डॉक्टर तेच होते. त्यांनी मालकांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मीठ खाल्लं," ते म्हणाले.

"न्हाई साहेब," मालक म्हणाले. त्यात अभिमान होता, मला अजून ऐकू येतो. "वरीस व्हत आलं. आमच्या घरात मिठाचा खडा न्हाई. म्हाताऱ्या मायनंबी खाल्लं न्हाई."

डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला विचारलं, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय देता ते सांगा. मी सांगत गेले. ज्वारीची भाकर, अळणी वरण, ताक. मग म्हटलं, "पर आता तर रोजचाच उपास हाय त्यांचा. भगर, आमटी. त्यात लई तर शेंदेलोण."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. मला वाटलं त्यांना शब्द कळला नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"कळलं," ते म्हणाले. "तेही मीठच आहे, बाई. हे समुद्रातलं, ते डोंगरातलं. शरीराला दोन्ही सारखंच."

मला राग आला. त्यांनी हे आधी का नाही सांगितलं? मग वाटलं, कशाला सांगतील? मीठ बंद म्हटल्यावर मीठ बंद. मग राग सासूबाईंचा आला, देवाचा आला, माझ्या हाताचा आला, ज्यानं मी ती आमटी वाढत होते. मालक मात्र शांत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आता सोडलं तर?"

डॉक्टर म्हणाले, "सोडा. सोडायलाच पाहिजे." पुढं ते काही म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

परतताना पिंजारी गाडी हाकत होता. तो सगळं दारात उभा राहून ऐकत होता. गाव दिसायला लागलं तसे मालक म्हणाले, "मायला सांगायचं न्हाई."

मी म्हटलं, "मंग शेंदेलोण बंद कसं करायचं?"

"ते मी बघतो. पर जे खाल्लं त्याचं सांगायचं न्हाई. तिला कळलं तर ती माह्या आधी जाईल." मग पिंजाऱ्याला म्हणाले, "तूबी."

पिंजारी वळला नाही. बैलांच्या पाठीकडं बघत त्यानं मान हलवली. तो रडत होता हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणला डाक्टर?"

मालकांनी भिंतीचा आधार घेतला. "आजपासून शेंदेलोणबी बंद म्हणला."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. "शेंदेलोण? मंग आतापस्तोर?"

"आतापस्तोर चाललं," मालक म्हणाले. "आता दुखणं बदललं. म्हणून बंद."

"बराबर इचारलं ना तू? आतापस्तोरचं काई न्हाई ना?"

"न्हाई माय. उलट डाक्टर म्हणला, तेवढ्यानंच माह्यात जीव राहिला."

इतकं सहज खोटं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि पाणी आणायला आत गेल्या. मालक माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात मी किती दिवसांसाठी बांधली गेले याचा मला अंदाज नव्हता.

ते कार्तिकात गेले. शेवटी पाणी छातीत चढलं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

बायका दुखवट्याला येऊन बसायच्या. सासूबाई रडायच्या, मग डोळे पुसून सांगायच्या, "वरीसभर अळणी खाल्लं लेकरानं. पर मी उपासाचं ताट करून घालायचे. तेवढं चवीनं खायचा. डाक्टरबी म्हणला, तेवढ्यानंच जीव राहिला त्याचा." हे ऐकून बायका मान डोलवायच्या. मी कोपऱ्यात कपाळ उघडं घेऊन बसलेली असायचे. सासूबाई माझ्याकडं वळायच्या, "व्हय ना गं?" मी म्हणायचे, "व्हय." रोज म्हणायचे. ते सुख त्यांच्यापाशी राहू द्यायला मला जड गेलं नाही. त्यांच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

मग मार्गशीर्षात एके दिवशी चार घरं पलीकडची एक बाई आली. दुखवट्याला नव्हे. तिच्या आठ वर्षांच्या पोरीचं तोंड सुजलं होतं, पाय सुजले होते. तिचा बाप पोरीला हिंगोलीला नेऊन आला होता. "मीठ बंद सांगितलं हो," ती सासूबाईंना म्हणाली. "पोरगी भाकरीला तोंड लावून न्हाई राहिली. तुमी तर वरीसभर पथ्य सांभाळलं. कसं केलं ते सांगा."

सासूबाई कितीतरी दिवसांनी सरळ होऊन बसल्या. आवाजात जोर आला. त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, त्यांच्या लेकराच्या दुखण्यातून कुणाच्या तरी उपयोगाचं काही निघत होतं. अंबाडी कर, चिंच घाल, सगळ्या घरानं अळणी खा, म्हणजे पोरगी एकटी पडायची न्हाई, असं त्या सांगत गेल्या. मग म्हणाल्या, "अन् तिला उपास धराय लाव. भगर कर, शेंदेलोण घालून. बघ कशी खाती."

 मालकांना मी मान हलवून शब्द दिला होता. ती बाई पदर सावरत उठायला लागली. तिच्या घरात शेंदेलोण असणारच, कुठल्या घरात नसतं? संध्याकाळच्या आत त्या पोरीपुढं ताट गेलं असतं.

"देऊ नका," मी म्हणाले.

सासूबाई वळल्या. "काहून?"

"तेबी मीठच हाय, आत्याबाई."

"खुळी का काय? उपासाचं हाय ते."

"डाक्टर म्हणला. हे समुद्राचं, ते डोंगराचं. अंगाला दोन्ही सारखंच."

"कवा म्हणला?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कवा म्हणला गं?"

"भादव्यात."

ती बाई कधी निघून गेली मला कळलं नाही. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत एक एक सोमवार मागं सरकताना मला दिसत होता. मला वाटलं आता त्या किंचाळतील, डोकं आपटतील, मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्याला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"अन् तरी मला म्हणला, आतापस्तोर चाललं?"

"व्हय."

त्या उठल्या. दुखवटा निघायचा होता, आणि तोवर आमच्याकडची बाई दुसऱ्याच्या उंबऱ्याशी जात नाही. सासूबाई डोक्यावर पदर न घेता, अनवाणी, भर आळीतून त्या पोरीच्या घरापर्यंत चालत गेल्या. मी मागं धावले. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. पोरीची आई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"लेकराला शेंदेलोण देऊ नको," सासूबाई म्हणाल्या. "मी माह्या लेकराला दिलं."

आवाज त्यांनी खाली केला नाही. मग शेजारच्या दारात गेल्या, जिथं कुणीच आजारी नव्हतं, आणि तिथंही तेच म्हणाल्या.